चोच नावाची फणी : पारव्याच्या दोन उवांचं प्रकरण

संक्रांतीनंतरचा आठवडा आमच्याकडे खोक्यांचा असतो. जखमी पक्ष्यांच्या शुश्रूषेसाठी सुट्टीच्या दिवशी मी मदतीला जातो, तिथे लोक बुटांच्या, मिठाईच्या, एकदा तर मिक्सरच्या खोक्यातून पक्षी घेऊन आले होते. त्यात निम्म्याहून अधिक पारवे असतात. पंखात अडकलेला मांजा कापून काढायचा, जखम धुवायची, रक्त थांबलंय का पाहायचं, हे आता हाताच्या सवयीचं झालंय.

त्या रविवारी आलेल्या पारव्याची जखम किरकोळ होती, पण त्याला उचलल्यावर माझ्या मनगटावर काहीतरी सरसरलं. पंख पसरून खिडकीच्या उजेडात धरला. पांढऱ्या अस्तरावर पेन्सिलीने बारीक रेघा माराव्यात तशा उवा होत्या. एका लांब पिसावर मोजल्या तर अकरा. छातीची पिसं फुंकर मारून विलग केली तर तिथे वेगळ्याच, आखूड आणि गोलसर. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने दोन पावलं मागे घेतली आणि विचारलं, "दादा, या आपल्या केसात जातील?"

नाही जात. आल्या तरी टिकत नाहीत, त्यांना पिसंच लागतात. तिचं समाधान झालं, माझं नाही. कारण त्याच खोलीत आणखी सहा-सात पारवे होते आणि त्यांच्या अंगावर शोधून शोधून पाच-दहा उवा सापडत होत्या. यालाच एवढ्या का? मग चोच पाहिली. वरच्या चोचीचं टोक तुटलेलं होतं. निरोगी पारव्याचं ते टोक खालच्या चोचीच्या पुढे येऊन किंचित खाली वळतं, जेमतेम एक-दोन मिलिमीटर. याला ते नव्हतंच, दोन्ही चोची समोरासमोर बोथट टेकत होत्या.

आधी वाटलं, मांज्यानेच तुटलं असेल. पण हिशेब जुळेना. पंखावरची जखम ताजी होती, आणि अंड्यातून निघून नवी अंडी घालण्याइतकी वाढायला या उवेला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे चोच मोडून बरेच दिवस झाले असणार. मांजा नंतरचा. चोच आणि उवा यांचा संबंध ज्यांनी खणून काढला त्यांचं काम मी पूर्वी वाचलं होतं, या पक्ष्यामुळे पुन्हा सगळं बाहेर काढलं. इथे मांडतोय ते प्रकरण अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातलं आहे. पक्षी मात्र आपल्या खिडकीतलाच.

एक पक्षी, दोन भाडेकरू

पक्ष्यांच्या अंगावर राहणाऱ्या उवांच्या चार हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या डोक्यातली ऊ रक्त पिते. पक्ष्यांवरच्या बहुतेक उवा रक्त पीत नाहीत, चावून खातात. पारव्यावरच्या ज्या दोन जातींबद्दल हे प्रकरण आहे, त्या दोन्ही पिसांच्या बुडाशी असलेला कापसासारखा मऊ भाग कुरतडतात.

पहिली कोलुंबिकोला कोलुंबी. लांबट, सडपातळ, दोन-अडीच मिलिमीटरची. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्येच तिची नोंद केली होती. ही राहते पंखाच्या मोठ्या पिसांवर, जेवायला मात्र तिला अंगावरच्या मऊ पिसांकडे यावं लागतं. घर एकीकडे आणि खाणावळ दुसरीकडे. दुसरी कॅम्पॅन्युलोटिस कॉम्पार. बुटकी, गोल, अंगावरच्या मऊ पिसांतच कायम मुक्काम. सोयीसाठी पहिलीला पंखाची ऊ म्हणू आणि दुसरीला अंगाची.

पंखाची ऊ कशी लपते हे एकदा भिंगातून बघण्यासारखं आहे. पारव्याचं उडायचं पीस घेतलं की मधल्या दांड्यापासून दोन्ही बाजूंना समांतर तंतू निघालेले दिसतात आणि दोन तंतूंमध्ये एक अरुंद पन्हळ असते. धोका जाणवला की ऊ त्या पन्हळीत लांबीच्या दिशेने शिरून पडून राहते, बैलगाडीच्या चाकोरीत काठी टाकावी तशी. वरून चोच फिरली तरी ती तंतूंच्या पातळीच्या खाली असते. अंगाच्या उवेला ही युक्ती जमण्यासारखी नाही. ती मऊ भागात बुडी मारते, नाहीतर एका पिसावरून सुटून दुसऱ्यावर पडते.

पक्ष्याच्या बाजूने पाहिलं तर त्याच्याकडे फारशी हत्यारं नाहीत. रक्त पिणाऱ्या किड्याविरुद्ध शरीर आतून काहीतरी करू शकतं. पीस म्हणजे मेलेला भाग, नखासारखा. तो खाणाऱ्याला आतून उत्तर देता येत नाही. उरतं ते पिसं विंचरणं. निरनिराळ्या जातींच्या पक्ष्यांची निरीक्षणं एकत्र केल्यावर असं दिसलं की ते दिवसातला सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास वेळ अंगाच्या साफसफाईत घालवतात, आणि त्यातलं बहुतेक काम चोचीने होतं. ज्या वेळात खाता येईल, जोडीदार शोधता येईल, घारीवर लक्ष ठेवता येईल, तो वेळ. एवढी किंमत मोजावी असं त्या चोचीत काय आहे, हा युटाच्या गटाचा मूळ प्रश्न होता.

चोचीला पाचर

या गटाचे प्रमुख डेल क्लेटन. १९९०च्या आसपासपासून ते पारव्यांवर काम करत आले, पुढे सेरा बुश आणि इतर अनेकजण जोडले गेले. त्यांचं मुख्य साधन कोंबडीपालनातून उसनं घेतलेलं आहे. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा धातूचा छोटा तुकडा असतो, तो वरच्या आणि खालच्या चोचीच्या मध्ये बसवतात, टोकं नाकपुड्यांत अलगद अडकतात, कातडीला भोक पडत नाही. कोंबड्या एकमेकींना टोचू नयेत म्हणून तो वापरला जायचा. पारव्याला बसवला की चोच पूर्ण मिटत नाही, एक ते तीन मिलिमीटरची फट राहते. पक्षी दाणे टिपतो, पाणी पितो, पिसांवरून चोचही फिरवतो. मात्र चिमूट बसत नाही. दात मोडलेली फणी केसांतून फिरवल्यासारखं होतं, हात चालतो, हाती काही लागत नाही.

या साध्या तुकड्याचं मला फार कौतुक वाटतं. विंचरणं थांबवायचं म्हणून पक्ष्याला बांधलं किंवा औषध दिलं असतं, तर त्याची भूक, हालचाल, ताण सगळंच बदललं असतं आणि निकालाचा अर्थ लावता आला नसता. इथे बदलली ती एकच गोष्ट.

निकाल सरळ होता. ज्यांची चोच मिटत नव्हती त्यांच्या अंगावरच्या उवा भराभर वाढल्या, शेकड्यांवरून हजारांच्या घरात गेल्या. ज्यांची मिटत होती त्यांच्यावर आटोक्यात राहिल्या.

मग प्रश्न आला टोकाचा, म्हणजे माझ्या खोक्यातल्या पारव्याचा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात क्लेटन आणि सहकाऱ्यांनी पारव्यांच्या वरच्या चोचीचं फक्त पुढे आलेलं टोक कापलं. नख कापावं तसं, वेदना नाही, रक्त नाही. खाण्यावर काही परिणाम झाला नाही, दाणे पूर्वीसारखेच टिपले जात होते. उवा मात्र वाढल्या. गळून पडलेल्या उवा गोळा करून पाहिल्या तेव्हा कारण कळलं. टोक शाबूत असलेल्या पक्ष्यांच्या उवांचे पाय तुटलेले, पोट फाटलेलं, डोकं चिरडलेलं असायचं. टोक कापलेल्यांकडे असं नुकसान कमी. वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केल्यावर यंत्र उलगडलं. विंचरताना खालची चोच अतिशय वेगाने पुढे-मागे सरकते, सेकंदाला तीसेक वेळा, आणि प्रत्येक वेळी वरच्या टोकाच्या आतल्या बाजूला घासते. वरचं टोक म्हणजे पाट आणि खालची चोच म्हणजे वरवंटा. पाटच नसेल तर वरवंटा हवेत फिरतो.

चोचीच्या आकाराबद्दल आपण शाळेपासून एकच गोष्ट शिकत आलो : जसं अन्न तशी चोच. पोपटाची फळं फोडायला, बगळ्याची मासे धरायला, शिंजिराची मध प्यायला. ते खरंच आहे. पण पारव्याच्या चोचीचा शेवटचा दीड मिलिमीटर खाण्यासाठी नाही, उवा मारण्यासाठी आहे. मला स्वतःला या प्रकरणातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं. टोक फार लांब असून चालत नाही, लांब टोक मोडतं. म्हणजे लांबीलाही उवांमुळे एक माप आहे.

इथे कोंबड्यांकडे वळायलाच हवं. पोल्ट्रीत पिल्लांची चोच छाटतात, एकमेकींना टोचून जखमा करू नयेत म्हणून. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर पाहिलं तेव्हा चोच छाटलेल्या कोंबड्यांवर उवा आणि रक्त पिणाऱ्या बारीक किडी न छाटलेल्यांपेक्षा जास्त होत्या. आपल्याकडे चोच छाटण्याचा हिशेब मांडताना टोचण्याचं नुकसान आणि वाया जाणारं खाद्य धरतात. उवांच्या औषधाचा खर्च त्याच हिशेबात धरलेला मी तरी पाहिला नाही. परसातल्या कोंबडीची चोच शाबूत असते आणि ती राखेच्या खड्ड्यात लोळते, तिच्याकडे दोन इलाज आहेत. पिंजऱ्यातल्या छाटलेल्या कोंबडीकडे एकही नाही.

उवांनी एवढं बिघडतं काय?

बराच काळ समज असा होता की पिसं खाणाऱ्या उवा म्हणजे निरुपद्रवी बिऱ्हाड. रक्त नाही, आजार नाही, मग काय? युटाच्या गटाने उवांनी भरलेले आणि औषधाने उवामुक्त केलेले पारवे शेजारी शेजारी तपासले. भरलेल्यांच्या अंगावरचा कापूस विरळ झालेला होता. फाटक्या गोधडीतून ऊब निसटावी तशी उष्णता निसटत होती, आणि ती भरून काढायला शरीराला जास्त ऊर्जा जाळावी लागत होती. युटातल्या हिवाळ्यात हा खर्च छोटा नाही. असे पक्षी जगण्यातही मागे पडले. क्लेटन यांच्या १९९०च्या एका प्रयोगात माद्यांनी उवांनी भरलेल्या नरांपेक्षा स्वच्छ नर पसंत केले. उवांनी बेजार नर मादीपुढे फुगून गोल गोल फिरण्यातही कमी पडायचे.

तरी सांगायला हवं की चोच शाबूत असलेल्या पारव्याला हा त्रास सहसा होत नाही. शे-दीडशे उवा घेऊन तो मजेत जगतो. नुकसान दिसतं ते फणी मोडल्यावर.

पांढरी, काळी आणि पारवी

चोच उवा मारते इथपर्यंत ठीक. पण सगळ्या मरत नाहीत. कुठल्या वाचतात? लपता येतं त्या. आणि जी वाचते तिचीच पिल्लं पुढे जातात. म्हणजे चोच उवांचा नुसता संहार करत नाही, निवडही करते. धान्य पाखडताना सूप करतं तशी.

आधी एक निरीक्षण होतं. ऑस्ट्रेलियात पांढरा शुभ्र काकाकुवा आहे, त्याच्यावरच्या उवा फिकट. तिथलाच एक काळा काकाकुवा, त्याच्यावरच्या गडद. बुश आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये अशा अनेक जोड्या तपासल्या आणि रंग जुळतो हे दाखवलं. त्यांनी सोबत डोक्यावर राहणाऱ्या उवाही तपासल्या. तिथे रंग जुळत नाही. पक्ष्याची चोच आपल्याच डोक्यावर पोचत नाही आणि डोळ्यालाही ते दिसत नाही. जिथे फणी फिरत नाही तिथे रंग लपवण्याची गरजही नाही. एवढ्या एका अपवादाने मला जितकं पटलं तितकं बाकीच्या सगळ्या जोड्यांनी मिळून पटलं नसतं.

मग प्रयोग. साध्या पारव्यावरच्या पंखाच्या उवा घेतल्या आणि पांढऱ्या, काळ्या आणि पारव्या रंगाच्या पक्ष्यांवर सोडल्या. (मराठीत या राखाडीला पक्ष्याचंच नाव आहे, 'पारवी साडी' म्हणतो तेव्हा आपल्या मनात कबूतर येतही नाही.) काही पक्ष्यांच्या चोची मोकळ्या, काहींना धातूचा तुकडा. चार वर्षं, म्हणजे उवांच्या सुमारे साठ पिढ्या. वेळोवेळी उवा काढून त्यांचे फोटो घेऊन उजळपणा मोजला.

मोकळ्या चोचीच्या पांढऱ्या पक्ष्यांवरच्या उवा फिकट होत गेल्या, काळ्यांवरच्या गडद. चोचीत तुकडा असलेल्या पक्ष्यांवर असं झालं नाही. २०१९मध्ये हा निकाल छापून आला. कोलुंबिकोला या कुळातल्या जातींमध्ये लाखो वर्षांत जितका रंगभेद पडलेला दिसतो, त्याच्याशी तुलना करता येईल इतका बदल एका विद्यापीठातल्या पिंजऱ्यांत चार वर्षांत घडला.

उवा मोजण्यातली मेहनत इथे सांगितलीच पाहिजे, कारण अशा निकालांच्या मागे ती असते. पक्षी न मारता उवा काढायच्या तर त्याला एका डब्यात ठेवून फक्त डोकं बाहेर काढतात आणि डब्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात. उवा गुंगतात, पिसं हलवली की खाली पडतात. मोजून झालं की परत त्याच पक्ष्यावर. आणखी एक अडचण युटाच्या हवेची. या उवा पाणी पीत नाहीत, हवेतली आर्द्रता शोषून घेतात. कोरड्या हवेत ठेवलेल्या पारव्यांवरच्या उवा आपोआप संपत जातात हे २००२मध्ये दाखवलं गेलं होतं. त्यामुळे हे विद्यापीठ जिथे आहे त्या वाळवंटी सॉल्ट लेक सिटीत उवा पाळायच्या तर पक्ष्यांच्या खोल्या मुद्दाम दमट ठेवाव्या लागतात. मुंबईत हा खर्च वाचला असता.

अंगाने मोठ्या झाल्या आणि जमेना

रंगानंतर आकार. ऑस्ट्रेलियन कीटकशास्त्रज्ञ लॉन्सलॉट हॅरिसन यांनी १९१५मध्येच म्हटलं होतं की मोठ्या पक्ष्यावर मोठी ऊ असते. का, याचं एक उत्तर पिसाच्या पन्हळीत आहे. पक्षी मोठा तर तंतूंमधली जागा रुंद, लहान तर अरुंद. २००३च्या प्रयोगात पारव्याच्या पंखावरच्या उवा आकाराने वेगळ्या होल्यांवर सोडल्या. तिथे त्या पिसाला नीट धरून राहिल्या, खाऊही शकल्या. पण पन्हळीत बसता येईना आणि चोचीने वेचून काढल्या. चोचीत तुकडा बसवल्यावर त्याच उवा त्याच परक्या पक्ष्यावर टिकल्या. म्हणजे परकं अंग हा अडथळा नव्हता, परकी फणी होती.

यानंतरचं काम स्कॉट विला आणि सहकाऱ्यांचं. जायंट रंट नावाची पाळीव कबुतराची एक जात आहे, आपल्या पारव्याच्या जवळपास तिप्पट वजनाची. पारव्यावरच्या उवा या धिप्पाड कबुतरांवर सोडल्या आणि पुन्हा चार वर्षं, साठ पिढ्या. उवा आकाराने वाढत गेल्या. इथपर्यंत अपेक्षित. मग त्यांनी वाढलेल्या उवा आणि मूळ आकाराच्या उवा एकत्र आणल्या. या जातीत मीलनाच्या वेळी नर खालच्या बाजूने येतो आणि आपल्या मिशांनी मादीला धरून ठेवतो, त्यामुळे दोघांच्या लांबीचं प्रमाण जमावं लागतं. मोठी मादी आणि छोटा नर, किंवा उलट, असं असलं की पकड नीट बसत नाही. काही जोड्यांचं मीलन झालंच नाही, काहींचं अर्धवट.

दोन गटांत नवरा-बायकोचं जमेनासं होणं ही एका जातीच्या दोन जाती होण्याची पहिली पायरी आहे. त्यासाठी डोंगर आडवा यायला नको, समुद्र नको. साठ पिढ्यांपूर्वी ज्या एकाच पारव्यांच्या थव्यातून आल्या, त्यांच्यात ही फट फक्त यजमान बदलल्याने पडली. मी याला नवी जात झाली असं म्हणणार नाही आणि संशोधकांनीही तसं म्हटलेलं नाही. मोकळं सोडलं तर या उवा पुन्हा मिसळतीलही. पण फट कुठून पडते ते डोळ्यांसमोर दिसलं.

माशीच्या पायाला लटकून

आता दोन भाडेकरूंकडे परत. दोघींचं अन्न एकच, अंगावरचा कापूस. एका पक्ष्यावर दोघी कशा नांदतात? प्रयोगांत असं दिसलं की समोरासमोरच्या स्पर्धेत अंगाची ऊ वरचढ ठरते, तिची संख्या वाढली की पंखाची ऊ मागे पडते. पक्षी नीट विंचरत असला तर दोघींची संख्या इतकी कमी राहते की भांडायला फार वेळच येत नाही. चोच इथेही मध्यस्थी करते.

पंखाच्या उवेकडे मात्र एक वाट आहे जी दुसरीला नाही. कबुतरं पाळणाऱ्यांना पिसांत शिरून आडवी-तिडवी पळणारी एक चपटी, चिवट माशी माहीत असते, हाताने मारायला गेलं तर चेंगरत नाही. ती पारव्याचं रक्त पिते आणि एका पक्ष्यावरून उडून दुसऱ्यावर जाते. पंखाची ऊ तिच्या पायाला किंवा पोटाला धरते आणि फुकट प्रवास करते. एरवी उवेला नवा पक्षी गाठायचा तर दोन पक्ष्यांची अंगं एकमेकांना लागावी लागतात, बहुतेक वेळा आई-बापांकडून घरट्यातल्या पिल्लांकडे. माशीमुळे अनोळखी पारवाच नव्हे, दुसऱ्या जातीचा पक्षीही आवाक्यात येतो. अंगाच्या उवेचे पाय माशीला धरण्याजोगे नाहीत. क्रिस्टोफर हार्बिसन यांनी २००८पासून हे मोजून दाखवलं : माशा असल्या तर पंखाच्या उवा नव्या पक्ष्यांवर पोचतात, अंगाच्या उवा जवळपास नाहीतच.

घरात दुबळी पण प्रवासाला चटपटीत अशी एक, आणि घरात दांडगी पण उंबऱ्याला बांधलेली दुसरी. कबुतर-होल्यांची वंशावळ आणि त्यांच्या उवांच्या वंशावळी शेजारी ठेवल्या की याचा परिणाम दिसतो. अंगाच्या उवांची वंशावळ यजमानांच्या वंशावळीशी बरीच जुळते, पक्षी दुभंगला की ऊही दुभंगली. पंखाच्या उवांची तेवढी जुळत नाही, मध्येच उड्या मारलेल्या दिसतात. माशीच्या पायाची पकड अशी लाखो वर्षांच्या नोंदीत उतरली आहे.

या उड्या मारणाऱ्या कुळातल्या एका जातीची कथा जाता जाता सांगतो. उत्तर अमेरिकेत पॅसेंजर पिजन नावाचं कबूतर होतं, आकाशभर थवे करून उडणारं. शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. संग्रहालयातल्या कातड्यांवरून १९३७मध्ये तिच्या जातीच्या पंखाच्या उवेचं वर्णन झालं आणि नाव ठेवलं कोलुंबिकोला एक्स्टिंक्टस, नामशेष झालेली. यजमान गेला म्हणजे पाहुणीही गेली, असं धरून चालले होते. १९९९मध्ये क्लेटन आणि रॉजर प्राइस यांनी दाखवलं की हीच ऊ आजही तिकडच्या बँड-टेल्ड पिजनवर मजेत आहे. नामशेष या नावाची जात जिवंत! त्याच पॅसेंजर पिजनवरची म्हणून नोंदलेली अंगाची ऊही पुढे खोटी निघाली, ती ऑस्ट्रेलियातल्या एका कबुतरावरची होती, नमुन्यांच्या गोंधळात चुकीच्या पक्ष्याच्या नावावर चढलेली. पंखाची ऊ वाचली ती दुसऱ्या यजमानावरही तिचं बिऱ्हाड होतं म्हणून.

प्रकरणाच्या मर्यादा

बहुतेक प्रयोग एकाच जातीच्या पक्ष्यावर, बंद खोल्यांत झाले. मोकळ्या पारव्याला ऊन खाता येतं, पावसात अंग भिजवता येतं, आणि या गोष्टी उवांवर किती चालतात हे चोचीइतकं नीट मोजलं गेलेलं नाही. डोक्याचा प्रश्न तर आहेच. तिथे पारवा पायाने खाजवतो, आणि शहरातल्या कितीतरी पारव्यांची बोटं दोऱ्यांत, केसांत गुंतून झडलेली असतात. जोडीतले दोघं एकमेकांच्या मानेची आणि डोक्याची पिसं विंचरतात, ते बघताना आपण प्रेम म्हणतो. त्यातलं किती उवांसाठी असतं हा प्रश्न मला खिडकीतल्या जोडीने अनेकदा पाडला आहे.

शहरातल्या वाचकासाठी एक खुलासा. कबुतरखान्यांच्या वादात श्वसनाच्या ज्या आजारांची चर्चा होते, त्यांचं कारण विष्ठेची आणि पिसांची धूळ आहे, या उवा नाहीत. बाल्कनीत रिकामं घरटं काढल्यावर अंगाला खाज सुटली तर त्याही या नव्हेत. घरट्यात रक्त पिणाऱ्या बारीक किडी असतात, पक्षी निघून गेल्यावर त्या माणसाला चावतात. उवा पक्ष्याबरोबरच जातात, आणि पक्षी मेला तर काही दिवसांत संपतात.

आमच्या खोक्यातल्या पारव्याला डॉक्टरांनी उवांची पावडर थोडी चोळायला सांगितली. जखम दहा दिवसांत भरली, पण त्याला सोडायची घाई केली नाही. चोचीवरचं आवरण नखासारखं वाढत राहतं, आतलं हाड शाबूत असलं तर टोक परत येतं. त्याचं येत होतं. दर रविवारी मी त्याचा उजवा पंख उजेडात धरून तेच लांब पीस पाहायचो. अकरा, मग दोन, मग एकही नाही. टोक पूर्ण वळल्यावर फेब्रुवारीअखेर सोडला. वहीत नोंद करताना मुलीने विचारलं, चोचीमुळे गेल्या ना उवा? मी तिला पावडरीचा डबा दाखवला. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, त्यामुळे श्रेय कुणाला ते सांगता येत नव्हतं. तिने रकान्यात 'पावडर' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.